स्मार्ट बटण आणि भिंतीतील काळी तार

दिव्याचे बटण ही घरातील अत्यंत साधी वस्तू होय. तिच्या पोटात पितळेची दोन टोके आणि त्यांना जोडणारी वा तोडणारी एक पट्टी, याहून अधिक काही नसते. ओढ्यावरील साकवाची एक फळी काढून ठेवावी आणि पुन्हा टाकावी, तसाच हा प्रकार. फळी असली की वीज दिव्याकडे जाते. नसली की अलीकडेच थांबते. हे बटण स्वतः काही खात नाही, पीत नाही, आणि वीस-वीस वर्षे कुरकुर न करता भिंतीला चिकटून राहते. त्याला एकच तार पुरते. ती एका टोकात येते व दुसऱ्या टोकातून जाते.

अलीकडे बाजारात ‘स्मार्ट स्विच’ म्हणून जी वस्तू मिळते, ती नावाने बटण असली तरी जातीने बटण नव्हे. तिच्या पोटात एक इवलासा संगणक असतो, बिनतारी संदेश ऐकणारा रेडिओ असतो, आणि संगणकाच्या आज्ञेबरोबर टोके जोडणारा वा तोडणारा ‘रिले’ असतो. रिले म्हणजे विद्युच्चुंबकाने ओढली जाणारी पट्टी. काही प्रकारांत तिच्या जागी तेच काम करणारा अर्धवाहकाचा तुकडा बसवितात. घरातील माणसे निजली, दिवे मालवले, तरी यातील रेडिओला निजून चालत नाही. मध्यरात्री ‘अंगणातला दिवा लाव’ असा निरोप आला, तर तो ऐकायला कोणीतरी जागे हवे! या जागरणाला वीज लागते. साधारणतः अर्धा ते एक वॉट. एवढीशी वीज ती काय, असे वाटेल; पण आमच्या विद्यार्थ्यांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब करून पाहावा. एक वॉट, दिवसाचे २४ तास, वर्षाचे ३६५ दिवस, म्हणजे ८.७६ युनिट. घरात अशी दहा बटणे बसविली, तर नुसत्या पहाऱ्यासाठी वर्षाला ८७.६ युनिट. वीज वाचविण्याच्या हेतूने जे ही बटणे घेऊ पाहतात, त्यांनी हा आकडाही खर्चाच्या बाजूस मांडलेला बरा.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. विजेचा विषय आमचा नव्हे, हे आमचे विद्यार्थी चांगलेच जाणतात. तथापि गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या वर्गातील कित्येक घरी ही बटणे आली, त्यांतील काही चालली, काही चालली नाहीत, आणि एका घरी तर भलताच प्रकार घडला. तेव्हा एका जाणत्या वायरमनच्या शेजारी बसून आणि विज्ञानाच्या शिक्षकांना वारंवार छळून आम्ही हा विषय समजून घेतला. तो जसा समजला तसा येथे मांडीत आहोत.

सगळ्या गुंत्याचे मूळ एका तारेत आहे. घरात वीज येते ती २३० व्होल्टची, सेकंदाला ५० वेळा आवर्तन करणारी. ती दोन तारांनी येते. एक फेज, दुसरी न्यूट्रल. फेज ही येण्याची वाट, न्यूट्रल ही परतीची. ज्या वस्तूला वीज खायची आहे, तिला या दोन्ही तारा भेटल्याच पाहिजेत. नाहीतर परिपथ पुरा होत नाही. दिव्याला दोन्ही भेटतात. साध्या बटणाला मात्र फेजच तेवढी भेटते, कारण त्याला काही खायचे नसते. ते फेजच्या वाटेवर उभे असलेले फाटक आहे. आता त्या फाटकाच्या जागी आपण एक जिवंत पहारेकरी बसवितो, आणि त्याच्या पोटाची सोय पाहत नाही, ती तेथे न्यूट्रल नसल्यामुळे. स्मार्ट बटण घ्यावे की नाही, घेतल्यास कोणत्या जातीचे घ्यावे, हा प्रश्न दुकानात सुटत नाही. तो आपल्या भिंतीतील बोर्डाच्या मागे सुटतो.

हा पेच काही आपल्याच देशातला नाही. इंग्लंडमधील घरांतून तारांचे फाटे छतालाच, दिव्याच्या वरच्या सिलिंग रोजपाशी जोडण्याची जुनी रीत आहे. तेथून भिंतीवरच्या बटणाकडे फक्त फेज खाली उतरते व परत वर जाते. त्यामुळे तेथील पुष्कळ बटणांमागे न्यूट्रल सापडतच नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत् संहितेत २०११ सालच्या आवृत्तीपासून असे कलम आले की, दिव्यांच्या बटणापाशी काही अपवाद सोडून न्यूट्रल उपलब्ध ठेवावी. तेव्हापासूनच्या नव्या घरांना चिंता नाही. त्याआधीच्या घरांना आहेच.

आपल्याकडील परिस्थिती काहीशी बरी म्हणावी अशी आहे, आणि त्याचे कारण मोठे मजेदार आहे. आपल्या घरातील बोर्ड हे एकत्र कुटुंबासारखे असते. चार दिव्यांची बटणे, पंख्याचे बटण, त्याचा रेग्युलेटर आणि कोपऱ्यात एक प्लगची जागा, असे सारे एकाच चौकटीत नांदतात. प्लगमध्ये इस्त्री वा रेडिओ लावायचा, तर तेथे फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तिन्ही तारा आणाव्याच लागतात. म्हणून ज्या बोर्डावर प्लगची जागा आहे, तेथे न्यूट्रल असते असे धरायला बहुतेक हरकत नाही. अडचण येते ती एकट्या-दुकट्या बटणांची. न्हाणीघराच्या दाराबाहेरचे बटण, फाटकावरच्या दिव्याचे, जिन्याचे, बल्कावातल्या दिव्याचे. तेथे बहुधा दोनच तारा उतरलेल्या असतात, आणि त्या दोन्ही फेजच्याच. एक आलेली, एक गेलेली. दोन तारा दिसल्या म्हणजे एक फेज व दुसरी न्यूट्रल असलीच पाहिजे, असा समज करून घेणारे पुष्कळ; आणि हाच समज पहिला खड्डा होय.

दहावीच्या विज्ञानात विद्यार्थी शिकतात की, तांबडी तार फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थची. हे शिकावे, लक्षात ठेवावे, नव्या घरात तसेच करून घ्यावे. परंतु जुन्या भिंतीतील तारेच्या रंगावर विसंबू नये. आमच्या गोव्यातील जुन्या घरांतून चिऱ्यांच्या जाड भिंतींवर सागवानी पट्ट्या ठोकून त्यांवरून तारा नेलेल्या अजूनही दिसतात. त्या तारा एकाच रंगाच्या असतात. पुढे कोणी एखादी खोली वाढविली, तेव्हा जी गुंडाळी हाताशी होती तीच वापरली. कित्येक ठिकाणी तांबड्या तारेला पुढे काळी जोडलेली असते. पट्टीवरच्या उघड्या वायरिंगचा एक गुण मात्र मानला पाहिजे. तार कोठून निघाली व कोठे गेली, हे डोळ्यांनी पाहता येते. नव्या घरांत पाइप भिंतीच्या पोटात गाडलेले. बाहेरून भिंत गुळगुळीत, आत काय चालले आहे ते देव जाणे आणि ज्याने ते काम केले तो वायरमन जाणे. तो वायरमन दहा वर्षांनी पुन्हा भेटेलच असे नाही. जुन्या पट्टीवरच्या तारांत दुसरा दोष असतो. त्यांच्यावरचे रबर काळाने कडक होऊन बोट लावताच त्याचा भुगा होतो. अशा तारेला नवे बटण जोडण्याची घाई करण्यापेक्षा ती तारच आधी बदलावी.

मग न्यूट्रल ओळखावी कशी? बहुतेक घरांत एक स्क्रू-ड्रायव्हरसारखा टेस्टर असतो. त्याच्या मुठीत निऑनचा बारीकसा दिवा व एक मोठा रोध असतो. टेस्टर फेजला टेकवून मागच्या टोपीला बोट लावले, की अत्यंत अल्प वीज आपल्याच शरीरातून जमिनीत जाते व निऑन पेटतो. यावरून फेज कळते. परंतु ‘जिच्यावर टेस्टर पेटत नाही ती न्यूट्रल’ हा व्यत्यास मात्र खोटा आहे. टेस्टर न्यूट्रलवर पेटत नाही. अर्थवरही पेटत नाही. बटण बंद असताना दिव्याकडे गेलेल्या तारेवरही पेटत नाही. आणि कोठेच न जोडलेल्या, पाइपात नुसत्या पडून राहिलेल्या तारेवरही बहुधा पेटत नाही. या चार गोष्टी निऑनच्या दृष्टीने सारख्याच. भूमितीत ज्यांनी प्रमेयाचा व्यत्यास वेगळा सिद्ध करावा लागतो हे शिकले आहे, त्यांना याचे नवल वाटू नये.

कोणी म्हणेल, होल्डरमध्ये दिवा घालून त्याची एक तार फेजला व दुसरी संशयित तारेला लावून पाहावी. दिवा पेटला की न्यूट्रल सापडली. हेही अपुरे आहे. कारण ती तार अर्थची असली तरी दिवा पेटेल. मीटर लावला तरी दोन्हीकडे २३० च्या आसपासच आकडा दाखवील. न्यूट्रल ही घराबाहेर, विजेच्या ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेली असते. म्हणून घरात उभ्या असलेल्या माणसाला अर्थ आणि न्यूट्रल ही जुळी भावंडे वाटतात. खात्रीचा मार्ग एकच. मुख्य स्विच बंद करून, मुख्य पेटीतील न्यूट्रलच्या पट्टीपासून सोडविलेली तार आणि बोर्डातील संशयित तार ही एकच आहे की नाही, हे मीटरच्या साह्याने टोकापासून टोकापर्यंत तपासावयाचे. हे काम वायरमनचे. घरच्यांनी त्याला ‘तपासून मगच जोडा’ एवढा आग्रह धरावा.

हा आग्रह का धरावा, ते आता सांगतो. वर ज्या घरचा उल्लेख केला, त्या घरी दिवाणखान्याच्या एकट्या बटणामागे न्यूट्रल नव्हती. परंतु शेजारी लोखंडी पेटीला जोडलेली हिरवी तार होती. बसविणाऱ्याने बटणाची न्यूट्रल म्हणून तीच जोडून दिली. बटण लागलीच चालू झाले. भ्रमणध्वनीवरून दिवा लागला, विझला; घरातील मुले हरखून गेली. त्याच रीतीने आणखी सात-आठ बटणे बसली. मे महिन्यात त्या घरच्या आजीबाई तक्रार करू लागल्या की, फ्रिजच्या दाराला हात लावला की मुंग्या येतात. घरच्यांना वाटले, वयोमानाने तसे होत असेल. सुदैवाने वायरमन दुसऱ्याच कामासाठी आला होता. त्याने फ्रिजच्या पत्र्याला टेस्टर लावला, तो निऑन पेटला!

यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. अर्थची तार ही वीज वाहून नेण्यासाठी नसतेच मुळी. ती आणीबाणीची वाट आहे. फ्रिज, गीझर, इस्त्री यांच्या आतील फेज सुटून पत्र्याला लागली, तर ती वीज माणसाच्या अंगातून न जाता या वाटेने जमिनीत जावी व फ्यूज उडावा, एवढ्याचसाठी ती असते. एरवी ती रिकामीच असली पाहिजे. आता प्रत्येक स्मार्ट बटण आपल्या जागरणाची काही मिलिअँपिअर वीज तिच्यातून सोडू लागले. आमच्याकडील जांभ्या दगडाच्या भूमीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. कोरड्या मातीतून वीज सहजी जात नाही. खड्ड्याकडे जाणारी तार गंजून तुटली, तर वाट पुरतीच बंद. मग या सात-आठ बटणांतून आलेली वीज जाणार कोठे? ती अर्थच्याच तारेने घरभर हिंडते; कारण फ्रिजचा पत्रा, गीझरची टाकी, इस्त्रीचा तळ, हे सारे त्याच एका हिरव्या तारेला जोडलेले. जी तार रक्षणासाठी बांधली, तीच प्रत्येक पत्र्यापर्यंत फेजचा अंश पोहोचवू लागते. ओल्या पायांनी, पत्र्याला हात लावणाऱ्या माणसाच्या अंगातून दहा मिलिअँपिअरच्या आसपास वीज गेली, तर स्नायू आखडून हात सुटेनासा होऊ शकतो. अशी आठ-दहा बटणे एकत्र आली की त्या मर्यादेच्या जवळ जाणे अशक्य नाही. आजीबाईंच्या मुंग्या वयोमानाच्या नव्हत्या.

येथे विचारी वाचक विचारील की, हल्ली घरोघरी आरसीसीबी नावाचे संरक्षक साधन बसविलेले असते, त्याने हे कसे चालू दिले? प्रश्न योग्य आहे. आरसीसीबी हा चोख हिशेबनीस आहे. फेजमधून जेवढी वीज गेली, तेवढीच न्यूट्रलमधून परत आली की नाही, हे तो क्षणोक्षणी ताडून पाहतो. घरगुती आरसीसीबीला ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली की तो सारे बंद करतो. ज्या घरात तो आहे, तेथे अर्थला जोडलेली बटणे वाढत गेली, की एके दिवशी ‘विनाकारण’ वीज जाऊ लागते. आणि मग काही शहाणे लोक तो आरसीसीबीच काढून टाकतात! वरील घरात तो नव्हताच. जुने घर, चिनीमातीचे जुने कटआउट.

याच हिशेबनीसामुळे आणखी एक चूक उघडकीस येते. या बोर्डात न्यूट्रल नाही, तर पलीकडच्या खोलीच्या बोर्डातून उसनी घ्यावी, ही युक्ती पुष्कळांना सुचते. दोन्ही खोल्या एकाच सर्किटवर असतील तर ठीक. पण त्या वेगवेगळ्या आरसीसीबीखाली असतील, तर एकाच्या खात्यातून गेलेली वीज दुसऱ्याच्या खात्यात जमा होते. दोघांचाही ताळा चुकतो आणि दोन्ही सर्किटे बंद पडतात. आरसीसीबी नसेल तर बाहेरून काही दिसत नाही, आणि ते अधिक वाईट. पुढे कधी वायरमन या खोलीचे सर्किट बंद करून निर्धास्तपणे काळी तार सोडवितो, आणि तिच्यातून दुसऱ्या सर्किटची परतीची वीज वाहत असते. ज्या सर्किटची फेज, त्याच सर्किटची न्यूट्रल, हा नियम त्या कामगाराच्या जिवासाठी आहे. घरात इन्व्हर्टर असेल तर हीच दक्षता दुप्पट घ्यावी.

न्यूट्रल नसलेल्या बोर्डात ती आणता येते काय? पाइपात जागा असेल तर येते. जुन्या तारेला नवी बांधून ओढावयाची. दिव्यांच्या सर्किटला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार योग्य. पाइप ठासून भरलेला असेल, तर भिंतीवरून प्लास्टिकची पट्टी मारून आणावी. दिसायला थोडे उणे दिसेल. आम्हांला विचाराल तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. तेही नको असेल, तर भिंतीतील बटण आहे तसेच ठेवून छतातील दिवाच स्मार्ट जातीचा घालता येतो. होल्डरपाशी दोन्ही तारा असतातच. मात्र मग कोणी सवयीने भिंतीवरचे बटण बंद केले, की त्या दिव्याची शुद्ध हरपते व भ्रमणध्वनीवरून कितीही हाका मारल्या तरी तो ओ देत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे न्यूट्रलवाचून चालणारी स्मार्ट बटणे. ती मिळतात. ती कशी जगतात, यात आमच्या विद्यार्थ्यांसाठी भौतिकशास्त्राचा एक सुरेख धडा आहे. असे बटण दिवा विझलेला असतानाही थोडीशी वीज दिव्यातूनच झिरपू देते आणि त्या झिरप्यावर आपले पोट भरते. जुना ६० वॉटचा तारेचा बल्ब घ्या. पेटलेला असताना त्याचा रोध २३० चा वर्ग भागिले ६०, म्हणजे सुमारे ८८२ ओहम. पण विझलेल्या, थंड तारेचा रोध याच्या दहा-पंधरा पटींनी कमी असतो. समजा, ७० ओहम. त्यातून पाच मिलिअँपिअर झिरपले, तर बल्बवर पडणारा दाब ०.००५ गुणिले ७०, म्हणजे जेमतेम ०.३५ व्होल्ट. एवढ्याने तार कोमटसुद्धा होत नाही. बल्बला पत्ताही लागत नाही की आपल्यातून कोणी वाट काढून गेले.

एलईडी दिव्याची गोष्ट निराळी. त्याच्या बुडाशी एक इलेक्ट्रॉनिक जोडणी असते आणि तिच्यात वीज साठविणारा कपॅसिटर असतो. नळ नीट बंद न केल्यास थेंबाथेंबाने घागर भरावी, तसा झिरपणाऱ्या विजेने हा कपॅसिटर भरतो. भरला की एलईडी एकदम लुकलुकते आणि तो रिता होतो. पुन्हा भरू लागतो. मध्यरात्री विझलेला दिवा दर दोन-चार सेकंदांनी आपोआप चमकू लागला, तर गावात भुताखेताच्या कथांना तेवढे निमित्त पुरते! काही दिवे लुकलुकत नाहीत, तर रात्रभर मंद तेवत राहतात. यावर उपाय म्हणून अशा बटणाबरोबर बहुधा एक छोटा कपॅसिटरचा तुकडा देतात. तो बोर्डात नव्हे, तर दिव्यापाशी, दिव्याच्या दोन तारांना समांतर जोडावयाचा असतो, म्हणजे झिरपणारी वीज दिव्याला वळसा घालून जाते. तो तुकडा डब्यातच विसरणारे अनेक. शिवाय या जातीच्या बटणांना किमान इतक्या वॉटचा दिवा हवा, अशी अट असते. तीन वा पाच वॉटच्या रात्रीच्या दिव्यावर ते उपाशी राहते. आमच्या मते, जेथे न्यूट्रल आणणे खरोखरीच अशक्य आहे, तेथेच हा मार्ग धरावा.

कोणते बटण कोणता भार सोसेल, याची चौकशीही आधीच करावी. दिव्यांचा प्रश्न नाही. नऊ वॉटचे चार दिवे म्हणजे ३६ वॉट. पण २,००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर ओढतो, आणि रोज अर्धा अर्धा तास ओढतो. दिव्यासाठी केलेल्या छोट्या रिलेवर तो टाकला, तर टोके तापून चिकटतात, आणि मग बटण ‘बंद’ म्हणते तरी गीझर चालूच राहतो. गीझरसाठी १६ अँपिअरचेच साधन हवे, व त्यामागे तारही जाड हवी. पंख्याचा वेग कमी-जास्त करणारे स्मार्ट साधन वेगळे मिळते. दिवा मंद करणारा डिमर पंख्याला लावल्यास पंखा गुणगुणू लागतो. हल्लीचे तीस-पस्तीस वॉटचे रिमोटवाले पंखे तर रेग्युलेटरवर चालवूच नयेत. त्यांची वेग बदलण्याची सोय त्यांच्या पोटातच असते.

जिन्याच्या दिव्याची गोष्ट सर्वांत अवघड. खाली एक बटण, वर एक बटण, कोठूनही दिवा लावावा वा विझवावा, ही ‘टू-वे’ची रचना विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत पाहिली असेल. यात फेज खालच्या बटणात येते; दोन तारा खालच्या बटणापासून वरच्यापर्यंत समांतर धावतात; आणि दिव्याकडे जाणारी तार वरच्या बटणातून निघते. आता स्मार्ट साधन बसवावे कोठे? खाली बसवावे तर कायमची फेज आहे, पण दिव्याची तार नाही. वर बसवावे तर दिव्याची तार आहे, पण कायमची फेज नाही. ती कधी या तारेने येते, कधी त्या. म्हणून त्या दोन धावत्या तारांची कामे नव्याने वाटून द्यावी लागतात. दोन्ही साधी बटणे मग वीज वाहण्याचे सोडून स्मार्ट साधनाला नुसती सूचना देण्याचे काम करू लागतात. असे बाहेरच्या बटणांचे टोक स्वीकारणारेच साधन घ्यावे लागते, आणि आधी कागदावर आकृती काढल्यावाचून कोणीही तारेला हात लावू नये. ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांनी जिना सोडून द्यावा. साठ-सत्तर वर्षे चांगली चाललेली युक्ती आणखी काही वर्षे चालेल.

तारा ठीक झाल्या तरी रेडिओ उरतोच. ही साधने बहुतांशी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर बोलतात. आमच्याकडची दीड हाताची चिऱ्याची भिंत या लहरींना मोठाच अडसर होय. दोन भिंतींपलीकडील बटण वारंवार बेपत्ता होते. बोर्डामागची पेटी पत्र्याची असेल तर अधिकच. पेटी खोल आहे की उथळ, हेही मोजून घ्यावे. साध्या बटणामागे बसविण्याचे साधन उथळ पेटीत कोंबताना तारा दबून सोलल्या जातात. २०२२ साली ‘मॅटर’ नावाचे एक सामाईक मानक प्रसिद्ध झाले, त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांच्या साधनांना एकमेकांची भाषा समजू लागली आहे. मात्र कोणतेही मानक भिंतीतील न्यूट्रलची उणीव भरून काढीत नाही.

हे काम घरच्या घरी करावे काय, असे आम्हांला अनेक उत्साही विद्यार्थी विचारतात. पूर्वी १९५६ चे भारतीय वीज नियम होते; आता केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम आहेत, ते २०२३ साली नव्याने आले. दोहोंचा आशय एकच आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांची नुसती अदलाबदल, जिच्यामुळे मांडणीची क्षमता वा स्वरूप बदलत नाही, ती सोडून बाकीचे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावयाचे. नवी न्यूट्रल ओढणे, जिन्याच्या तारा फिरविणे, गीझरची जोडणी बदलणे, हे नुसती अदलाबदल या सदरात खचित येत नाही. मुलांनी मात्र अगदी अदलाबदलीलाही हात लावू नये. त्यांनी आकृती काढावी, तारांवर चिठ्ठ्या चिकटवाव्या, पण तेही मुख्य स्विच बंद केल्यावर आणि वायरमन समोर असताना. वायरमनने कोणती तार कोठे जोडली, याची आकृती घरातील एखाद्या मुलाने वहीच्या कागदावर नीट काढून मुख्य पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवून ठेवली, तर पुढे येणारा वायरमन तिला दुवा देईल.

साधन निवडताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. भिंतीवर बोटाने दाबण्याची सोय राहिलीच पाहिजे, आणि ती इंटरनेट बंद असतानाही चालली पाहिजे. घरातील वडीलधारी माणसे पन्नास वर्षांच्या सवयीने अंधारात हात त्याच जागी नेणार. दुसरे म्हणजे, वीज जाऊन परत आल्यावर बटणाने काय करावे, हे ठरवून देण्याची सोय. आमच्याकडे मृगाच्या आधीच्या वादळांत वीज रात्रीतून चार वेळा जाते व येते. काही साधने वीज परत येताच आपण होऊन ‘चालू’ स्थितीत उठतात, आणि पहाटे तीन वाजता घरातले सगळे दिवे एकदम लागतात. दिव्यांचे ठीक आहे. पण गीझरचे बटण याच खोडीचे असेल, तर घरचे लोक गावाला गेलेले असताना तो रिकाम्या घरात पाणी तापवीत बसेल. गीझरच्या बटणाला ‘वीज आल्यावर बंदच राहा’ अशी आज्ञा बसवितानाच देऊन ठेवावी, आणि मुख्य स्विच एकदा बंद-चालू करून ते ती पाळते की नाही, हे वायरमन घरात आहे तोवरच पाहून घ्यावे.